मिश्रान्नाची परीक्षा: लॉस एंजेलिसचीं जपानी भोजनगृहें

काव्य, नाटक, कादंबरी यांवर टीका लिहावी, चित्रावर आणि गायनावर लिहावी, पण जेवणावर मात्र लिहूं नये, असा एक अलिखित दंडक आपल्याकडील वाङ्मयीन मासिकांनीं पुष्कळ काळ पाळला. पाककृति सांगणें हें गृहिणींच्या सदराचें काम, आणि जेवणाची तारीफ करणें हें पाहुण्याचें काम; त्यापलीकडे अन्नाविषयीं गंभीरपणें बोलण्यासारखें कांहीं असतें, ही कल्पनाच आपणांस किंचित् हास्यास्पद वाटते. अमेरिकेंतहि ती फार दिवस तशीच वाटत होती. २००७ सालीं लॉस एंजेलिसचे जोनाथन गोल्ड यांस टीकालेखनाचें पुलित्झर पारितोषिक मिळालें, तेव्हां भोजनगृहांवर लिहिणाऱ्या लेखकाला तें प्रथमच मिळत होतें. गोल्ड २०१८ सालीं वारले. झुंबरांखालीं मांडलेल्या मेजांपेक्षां, मोटारी उभ्या करण्याच्या पटांगणाच्या कडेला, धोब्याच्या दुकानाला खेटून असलेल्या खानावळींत त्यांचें मन अधिक रमे. आणि शहराचा स्वभाव त्याच्या ताटांवरून वाचतां येतो, हें त्यांनीं आपल्या वाचकांस वर्षानुवर्षें लिहून पटविलें. त्याच शहरांतील एका विशिष्ट जातीच्या भोजनगृहांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या भोजनगृहांवर 'जपानी आणि एशियन फ्यूजन' अशी पाटी असते. 'फ्यूजन' या शब्दाचा मूळ अर्थ वितळून एकजीव होणें. दोन धातु मुशींत घालावे, तापवावे, आणि तिसरा धातु बाहेर यावा, तशी दोन देशांच्या पाकरीतींची मूस केल्याचा दावा या शब्दांत आहे. १९८० नंतरच्या दशकांत तो अमेरिकेंतल्या मुदपाकखान्यांत रूढ झाला व तेथून जगभर पसरला. मुंबई-पुण्याच्या वाचकांसहि तो आतां अपरिचित नाहीं. परंतु एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. चौपाटीवर चायनीज भेळ विकणारा गाडीवाला हा शब्द कधीं उच्चारीत नाहीं, आणि शेझवान डोसा घालणाऱ्या उडप्याच्या फलकावरहि तो नसतो. तो उमटतो मोठ्या हॉटेलच्या जाड कागदावर छापलेल्या यादींत. हा भेद लहान दिसला तरी पुढें त्याचें काम पडणार आहे.

या भोजनगृहांविषयीं दोन प्रकारचे अभिप्राय ऐकूं येतात. सोंवळे रसिक म्हणतात, हें जपानी जेवणच नव्हे, हा भ्रष्टाचार आहे; खरी सुशी टोकियोंतच खावी. हौशी मंडळी म्हणतात, जग जवळ आलें आहे, सीमा गळून पडल्या आहेत, जिभेला कसला आला देश? आमच्या मतें दोघांनींहि परीक्षेचा प्रश्नच चुकीचा घेतला आहे. पहिल्यांस इतिहास ठाऊक नाहीं, आणि दुसऱ्यांस तो ठाऊक करून घ्यावयाचा नाहीं. मिश्रण झालें कीं नाहीं, हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नाहीं. मिश्रण कोणी केलें, कोणत्या गरजेपोटीं केलें, आणि त्यांत मूळ पदार्थाचा प्राण शाबूत राहिला कीं नाहीं, हे प्रश्न विचारावयास हवेत. सर्वच मिश्रान्न मिष्टान्न नसतें.

प्रथम सोंवळ्याचा विचार करूं. सुशी म्हणजे कच्चा मासा, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती चूक आहे. सुशीचा प्राण भात. मूळची कल्पना मासा टिकविण्याची होती. मीठ लावलेला मासा शिजविलेल्या भातांत दडपून महिनेच्या महिने ठेवावयाचा. भात आंबला कीं त्या आंबटपणामुळें मासा सडत नाहीं. मग भात टाकून द्यावयाचा आणि मासा खावयाचा. ही युक्ति आग्नेय आशियांतील भातशेतीच्या मुलखांत निघाली व चीनमार्गें जपानांत आली, असें अभ्यासक मानतात. बिवा सरोवराच्या कांठीं ती फुनाझुशी या नांवानें अद्याप जिवंत आहे, आणि तिचा वास सुक्या बोंबलाला सरावलेल्या कोंकणी नाकालाहि विचारांत पाडील असा आहे. पुढें आंबण्याचा काळ कमी होत गेला, भातहि माशाबरोबर खाल्ला जाऊं लागला, आणि अखेर शिरका घालून तो आंबटपणा तत्काळ आणण्याची रीत निघाली. १८२० नंतरच्या दशकांत एदो शहरांत, म्हणजे आजच्या टोकियोंत, भाताची हातानें वळलेली मूद आणि तिच्यावर माशाचा काप, असा आजचा परिचित आकार रूढ झाला; त्याच्याशीं हानाया योहेइ या विक्रेत्याचें नांव जोडलें जातें. ती रस्त्यावर उभ्यानें खावयाची, घाईच्या माणसाची वस्तु होती. आपल्या वडापावाची जी सामाजिक जात, तीच तिची. १९२३ च्या भूकंपानें टोकियो उद्ध्वस्त झालें, तेथले सुशीकार गांवोगांव पांगले, आणि एका शहराचा हा फराळ राष्ट्राचा मानबिंदु होण्यास मोठाच हातभार लागला. ट्यूना माशाच्या पोटाकडील ज्या चरबीदार भागासाठीं आजचें श्रीमंत गिऱ्हाईक वाटेल तें मोल मोजतें, तोहि एके काळीं हलका समजला जात असे. म्हणजे ज्याला आज अनादि परंपरा म्हणून नमस्कार केला जातो, तिच्यांतील पुष्कळसा भाग आपल्या आजोबा-पणजोबांच्या वयाचा आहे.

तेंपुरा घ्या. पिठांत बुडवून तळलेली कोळंबी आणि भाज्या, हें आज अस्सल जपानी म्हणून मिरवतें. ती रीत सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं नेली. १५४३ सालीं पोर्तुगीज व्यापारी जपानच्या किनाऱ्याला लागले. १५४९ सालीं गोव्याहून निघालेले फ्रान्सिस झेवियर कागोशिमास उतरले, आणि त्यांचा देह आज जुन्या गोव्यांतच आहे. या गलबतांच्या रहदारीची एक खूण आपल्या रोजच्या तोंडांत आहे. पोर्तुगीज लोक आपल्या रोटीला जो शब्द लावीत, त्याचा आपण 'पाव' केला आणि जपान्यांनीं 'पान' केला. वडापाव खाणारा मुंबईकर आणि न्याहारीला पान खाणारा टोकियोकर, दोघेहि एकाच भट्टीचे ऋणी आहेत. कढीभाताशीं आपलें जसें नातें, तसें आज जपान्यांचें 'करी'शीं झालें आहे. ती त्यांच्याकडे इंग्रजांच्या हातून गेली. टोकियोंतील नाकामुराया या दुकानानें १९२७ सालीं हिंदी पद्धतीची करी वाढावयास सुरुवात केली, ती रासबिहारी बोस यांच्या शिकवणीनें. इंग्रज सरकारचा ससेमिरा चुकवून जपानांत आश्रय घेतलेल्या या क्रांतिकारकाला ज्या कुटुंबानें लपविलें, त्याच कुटुंबाचें तें दुकान, आणि त्याच घरची मुलगी त्यांची पत्नी. इंग्रजी करीची जपानी नक्कल पाहून त्यांना काय वाटलें असेल याची कल्पना करावी.

तात्पर्य, शुद्धतेच्या कसोटीवर घासूं गेलें तर जपानी स्वयंपाकघरांतलींच निम्मीं भांडीं बाहेर काढावीं लागतील. पण म्हणून 'जिभेला कसला देश' म्हणणारे बरोबर ठरत नाहींत. वरच्या प्रत्येक उदाहरणांत परकी वस्तु आली ती पिढ्यान् पिढ्या राहिली. तिला त्या घरचे नियम शिकावे लागले, आणि घरालाहि तिच्यासाठीं एक कोपरा मोकळा करावा लागला. मिश्रणांत दोन्ही बाजूंस कांहीं सोडावें लागतें. ज्यांत कोणीच कांहीं सोडलें नाहीं, तें मिश्रण म्हणजे एका ताटांत वाढलेलीं दोन उष्टीं.

आतां लॉस एंजेलिसकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्या शहराच्या फर्स्ट स्ट्रीटच्या आसपास जपानी लोकांची वस्ती वाढत गेली. तिला लिटल टोकियो म्हणतात. फुगेत्सुदो नांवाचें मिठाईचें दुकान तेथें १९०३ पासून आहे. तांदळाच्या चिकट पिठाची मोची आणि तत्सम गोड जिन्नस तें करतें. १९४२ च्या फेब्रुवारींत अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं काढलेल्या हुकुमान्वयें पश्चिम किनाऱ्यावरील सुमारें १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांस घरेंदारें सोडावयास लावून दूरच्या ओसाड मुलखांतील छावण्यांत कोंडण्यांत आलें. त्यांतले सुमारें दोनतृतीयांश जन्मानेंच अमेरिकेचे नागरिक होते. लिटल टोकियो ओस पडलें. दक्षिणेकडून युद्धकार्यासाठीं आलेले कृष्णवर्णीय मजूर तेथें राहूं लागले, आणि कांहीं वर्षें त्या भागाचें नांवहि बदललें. फुगेत्सुदो चालविणारें कुटुंब वायोमिंगमधील हार्ट माउंटन छावणींत होतें. तेथले शेजारी आपल्या वांट्याची साखर जमवून आणून देत आणि तिच्यांतून छावणींत मिठाई होई, अशी हकीकत त्या घराण्यांत सांगितली जाते.

याच संदर्भांत एक चमत्कारिक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. अमेरिकेंतील चिनी भोजनगृहांत जेवणाच्या शेवटीं पोटांत भविष्याची चिठ्ठी असलेलें दुमडलेलें बिस्किट देतात. तें चिनी नव्हे. त्याचें मूळ क्योटोकडील एका खाऊंत आहे, आणि कॅलिफोर्नियांत तें प्रथम जपानी मिठाईवाले करीत. मिठाईवाले छावण्यांत गेले, भट्ट्या थंड झाल्या, आणि तो धंदा चिनी कारखानदारांच्या हातीं गेला. आज सारें जग त्याला चिनी समजतें. एखादा पदार्थ कोणाचा, हें ठरविण्यांत चवीखेरीज आणखी कशाकशाचा हात असतो, हें या इवल्याशा बिस्किटावरून कळून येईल.

युद्धानंतर लोक परतले. १९६० नंतरच्या दशकांत जपानी कंपन्यांचे अधिकारी या शहरांत येऊं लागले, त्यांच्यासाठीं लिटल टोकियोंतील कावाफुकु या भोजनगृहांत सुशीचा खास ओटा थाटण्यांत आला, आणि त्या दशकाच्या अखेरीस जवळच्या टोकियो काइकान या भोजनगृहांत पुढें जगप्रसिद्ध झालेला 'कॅलिफोर्निया रोल' जन्मास आला. त्याचें श्रेय बहुधा इचिरो माशिता या सुशीकारास देतात. कॅनडांतील व्हँकुव्हरचे हिदेकाझु तोजो हेहि आपला हक्क सांगतात. हा वाद मिटविण्याची आम्हांस उत्कंठा नाहीं. आम्हांस त्यामागचें कारण महत्त्वाचें वाटतें. चरबीदार ट्यूना तेव्हां तेथें बारमास मिळत नसे. जिभेवर विरघळणारा तो स्निग्धपणा आणावयाचा कोठून? सुशीकाराची नजर कॅलिफोर्नियाच्या बाजारांत ढिगांनीं पडलेल्या अव्होकाडो फळावर गेली. त्याच्या जोडीला खेकड्याचें मांस घातलें. पुढें असें दिसलें कीं, अमेरिकन गिऱ्हाइकाला बाहेरचें काळें समुद्रशैवाल पाहून किळस येते व तें सोलून टाकतें. तेव्हां गुंडाळी उलटी केली, शैवाल आंत आणि भात बाहेर.

या पदार्थाची सोंवळ्या रसिकांनीं केलेली हेटाळणी अन्यायाची आहे असें आम्हांस वाटतें. त्याची घडण नीट पाहा. अव्होकाडोचा लोण्यासारखा मऊपणा, खेकड्याची गोडसर तंतुमय चव, काकडीचा करकरीतपणा, आणि या तिघांना धरून ठेवणारा शिरक्याचा कोमट भात. एकाहि वस्तूनें दुसरीचा आवाज दडपलेला नाहीं. भात बाहेर आल्यामुळें तर सुशीकाराची परीक्षा अधिकच कडक झाली, कारण शीत न् शीत सुटें असून एकत्र राहिलें पाहिजे, आणि तें आतां झांकावयास कांहीं नाहीं. हा पदार्थ करणाऱ्यानें आपल्या विद्येंतला एक नियम मोडला, पण ज्या कारणासाठीं तो नियम होता तें कारण सांभाळलें. उत्तम मिश्रणाची याहून चांगली व्याख्या आम्हांस सुचत नाहीं. आणि तरी, हें घडलें तेव्हां कोणी त्याला 'फ्यूजन' म्हटलें नाहीं. पगारावर राबणाऱ्या एका परदेशी कारागिराची ती तडजोड होती.

तो शब्द प्रतिष्ठेला चढला तो निराळ्या मेजावर. वुल्फगांग पक या ऑस्ट्रियांत जन्मलेल्या व फ्रेंच पद्धतींत तयार झालेल्या पाकपंडितानें १९८३ सालीं, लॉस एंजेलिसला लागून असलेल्या सँटा मोनिकांत 'शिन्वा ऑन मेन' हें भोजनगृह उघडलें. आलें, लसूण, सोयाबीनचा रस, तिळाचें तेल हे जिन्नस फ्रेंच शिस्तीनें वापरून त्यानें जे पदार्थ वाढले, त्यांचा फार गाजावाजा झाला. पक यांची हातोटी नाकारण्याचें कारण नाहीं. पण हेंच काम फर्स्ट स्ट्रीटवर पंधरा वर्षें आधीं चाललें होतें. तेथें तें तडजोड ठरलें आणि येथें प्रतिभा ठरलें. चौपाटीचा गाडीवाला आणि जाड कागदावरची यादी यांतील जो भेद आरंभीं सांगितला, तोच हा.

या दोन जगांना जोडणारा माणूस म्हणजे नोबुयुकी मात्सुहिसा. १९४९ चा सैतामा प्रांतांतला जन्म, टोकियोंत सुशीची उमेदवारी, १९७३ सालीं पेरू देशांतील लिमा शहरीं प्रयाण, तेथून अर्जेंटिना, मग अलास्का. अलास्कांत कर्ज काढून थाटलेलें भोजनगृह उघडल्यापासून दोन महिन्यांच्या आंत आगींत भस्म झालें. रिकाम्या हातानें ते लॉस एंजेलिसला आले, कांहीं वर्षें दुसऱ्याच्या ओट्यावर राबले, आणि १९८७ च्या जानेवारींत बेव्हर्ली हिल्समध्यें 'मात्सुहिसा' उघडलें. पेरूंत जपानी शेतमजूर १८९९ पासून वसले होते, व लिंबाच्या रसांत मासा मुरवण्याच्या तेथील रीतीशीं जपानी सुरीचें लग्न त्यांनीं आधींच लावून ठेवलें होतें. मात्सुहिसा तें शिकले. म्हणजे ज्या मिश्रणाचें श्रेय त्यांच्या नांवावर जमा झालें, त्याचें मुद्दल लिमांतल्या अनाम गृहिणींचें व खानावळवाल्यांचें होतें. हें ते स्वतः लपवीत नाहींत. त्यांच्या भोजनगृहांचीं जाहिरातपत्रकें तें विसरतात.

त्यांच्या दोन पदार्थांचा मात्र थांबून विचार केला पाहिजे. एका बाईंनीं कच्च्या माशाची थाळी तशीच परत पाठविली. मात्सुहिसा यांनीं ऑलिव्हचें व तिळाचें तेल कडकडीत तापवून त्या कापांवर ओतलें. वरचा पापुद्रा पांढरा झाला, आंतला मासा कच्चाच राहिला, आणि बाईंनीं थाळी संपविली, असें त्यांनींच सांगितलें आहे. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर त्यांनीं फोडणी दिली. वाया जाणारें अन्न आणि नाराज होणारा पाहुणा, या दोन संकटांतून एका क्षणांत काढलेली ही वाट आहे. आणि तेलाचा तो चुरचुरता वास माशाच्या थंडपणाला जें उठावदारपण देतो, तें ठरवून साधलें नसतें. दुसरा पदार्थ मिसोंत मुरविलेला काळा कॉड. (कॉड म्हणत असले तरी तो कॉडच्या कुळांतला मासा नव्हे.) साखर आणि साके घातलेल्या, सोयाबीन आंबवून केलेल्या मिसोंत तो दोनतीन दिवस ठेवून मग भाजतात. जगभरांतल्या 'फ्यूजन' याद्यांत यानें मानाचें पान पटकावलें आहे. वास्तविक मिसोंत मासा मुरवून भाजणें ही क्योटोकडची जुनी घरगुती रीत. येथें साखर थोडी सढळ हातानें पडली आणि मासा अलास्काच्या थंड पाण्यांतला आला, इतकेंच. ज्यांत सर्वांत कमी मिसळलें आहे, तोच पदार्थ सर्वांत टिकला, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. १९९४ सालीं नट रॉबर्ट डी नीरो यांच्या भागीदारींत न्यू यॉर्कला 'नोबु' उघडलें, आणि आज त्या नांवाचीं पन्नासांहून अधिक भोजनगृहें जगांत आहेत. एका बाईंच्या नाराजींतून सुचलेली फोडणी आतां ठरलेल्या वजनानें, ठरलेल्या क्षणीं, कोणीहि नाराज नसतांना दिली जाते. चव तशीच असेल. पण पाठ केलेल्या हजरजबाबीपणाचें जें होतें, तेंच तिचें होतें.

या थोरांच्या मागून जी रांग आली, तिच्याविषयीं अधिक गोड लिहितां येत नाहीं. शहरांत आज 'एशियन फ्यूजन' म्हणून मिरविणाऱ्या सामान्य भोजनगृहाची यादी उघडली तर एकाच पानावर जपानी गुंडाळ्या, थाई नूडल, कोरियन भाजलेलें मांस, व्हिएतनामी सूप आणि चिनी मोमो नांदतांना दिसतात. यांत वितळलेलें कांहींच नाहीं. हें दुकानाच्या फळीवर मांडलेलें सामान आहे. 'एशियन' नांवाचा देश नाहीं आणि 'एशियन' नांवाची चूलहि नाहीं. ज्यांना जपानी आणि कोरियन यांतला फरक कळून घ्यावयाचा नाहीं, त्यांच्या सोयीसाठीं काढलेला तो शब्द आहे. १९४२ सालीं माणसें ओळखण्यांत जो आळस झाला, त्याचेंच हें सौम्य रूप म्हटलें तर कित्येकांस राग येईल, पण आम्हांस तें तसें दिसतें.

गुंडाळ्यांची अवस्था तर कींव यावी अशी झाली आहे. 'ड्रॅगन', 'रेनबो', 'व्होल्केनो' अशीं नांवें. आंत तळलेली कोळंबी, वर बामजातीच्या माशासाठीं केलेला गोड चिकट रस, त्यावर तिखट मेयोनेझ, त्यावर तळलेल्या पिठाचा चुरा. शेजारीं हिरव्या गोळ्याच्या रूपांत जी वासाबी असते, ती बहुतेक ठिकाणीं हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग यांची बनविलेली असते. अशा एका भोजनगृहांत प्रस्तुत लेखकानें गुंडाळीवरचा सर्व साज चमच्यानें बाजूला सारून नुसता भात चाखून पाहिला. तो थंडगार, गच्च आणि अळणी होता. शिरका घातला होता कीं नाहीं, याविषयीं टेबलावर मतभेद झाले. एवढ्या रसांखालीं भात कोण पाहतो, अशा विश्वासानें तो शिजविला होता. आणि तो विश्वास खरा ठरत असावा, कारण भोजनगृह भरलेलें होतें. कॅलिफोर्निया रोलनें भात उघडा केला. त्याच्या नातवंडांनीं तो पुन्हा झांकला.

तथापि, या झांकणींतहि एक इतिहास दडलेला आहे, तो सांगितल्यावांचून राहवत नाहीं. 'स्पायसी ट्यूना' हा या वर्गांतला लोकप्रिय प्रकार. माशाच्या कांट्याला चिकटलेलें, काप करण्यास निरुपयोगी असें मांस खरवडून घ्यावयाचें व त्यांत तिखट मेयोनेझ कालवावयाचें. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, त्याच काटकसरीचें हें अपत्य. त्यांतलें तिखट बहुधा 'श्रीराचा' या मिरचीच्या रसाचें असतें. नांव थायलंडमधल्या एका गांवाचें. अमेरिकेंत तो लोकप्रिय केला डेव्हिड ट्रान या व्हिएतनामहून आलेल्या चिनी वंशाच्या निर्वासितानें, १९८० सालीं याच शहरांत. ज्या मालवाहू जहाजांतून तो देश सोडून निघाला, त्या 'हुय फोंग' जहाजाचें नांव त्यानें आपल्या कारखान्याला दिलें. आणि मेयोनेझ? तें युरोपचें, पण जपानांत १९२५ पासून त्याची घरची जात तयार झाली व ती तेथील घराघरांत आहे. म्हणजे मूठभर खरवडलेल्या मांसांत तीन देशांचीं स्थलांतरें कालविलीं आहेत. दुःख एवढेंच कीं, यादी लिहिणाऱ्यानें त्यांतलें एकहि वाचकांस सांगितलें नाहीं. त्यानें ज्वालामुखीचें चित्र काढलें.

कोणी म्हणेल, या भोजनगृहांचे मालक पुष्कळदां कोरियन वा चिनी असतात व आंत राबणारे मेक्सिको-ग्वातेमालाचे, म्हणून हें असें होतें. हा आक्षेप आम्हांस मुळींच मान्य नाहीं. कसब जन्मानें येत नाहीं. भात धुवावयास आणि वारा घालीत कालवावयास शिकविलें तर ओआहाकाचा मुलगाहि तो ओसाकाच्या मुलाइतकाच चांगला करील; आणि शिकविलें नाहीं तर ओसाकाचाहि बिघडवील. खोट शिकविण्याच्या खर्चाला फांटा देण्यांत आहे.

उलट, चांगलें मिश्रण कोणत्याहि रक्ताची परवानगी मागत नाहीं, याचें उत्कृष्ट उदाहरण याच शहरानें दिलें. २००८ च्या नोव्हेंबरांत रॉय चोइ आणि त्यांच्या सोबत्यांनीं 'कोगी' नांवाची मोटारगाडी रस्त्यावर आणली. सोलमध्यें जन्मलेला, लॉस एंजेलिसमध्यें वाढलेला हा आचारी. त्यानें कोरियन पद्धतीनें मुरवून भाजलेलें मांस मेक्सिकोच्या मक्याच्या इवल्याशा भाकरींत घातलें, वर मिरचीची चटणी व कोबी. गाडी कोठें उभी राहणार हें ट्विटरवर कळे, आणि मध्यरात्रीं रांगा लागत. कोरियन मोहल्ला आणि मेक्सिकन वस्ती यांच्या मधल्या रस्त्यावर वाढलेल्या कोणाहि मुलाच्या मनांत ही जोडी आधींच लागलेली असणार. चोइ यांनीं ती भाकरींत बांधली. मांसाचा गोडवा मक्याच्या कोरड्या, किंचित् जळक्या चवीनें आंवरला जातो, आणि भाकरीला लिंबाखेरीज दुसरा सोबती मिळतो. दोघांनींहि कांहीं सोडलें आहे. जमिनीचें भाडें, झुंबर, जाड कागद यांतलें कांहींच त्या गाडीला परवडलें नसतें, म्हणूनहि तो पदार्थ वांचला असेल.

जमिनीच्या भाड्याचा प्रश्न लिटल टोकियोला आतां खरोखरच भेडसावीत आहे. ऐतिहासिक वास्तूंचें रक्षण करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय न्यासानें २०२४ सालीं, देशांतील अत्यंत धोक्यांत असलेल्या अकरा स्थळांच्या यादींत त्याचा समावेश केला. वाढतीं भाडीं, नवीन इमारती, जुन्या दुकानांचें उच्चाटन, हीं त्याचीं कारणें. ज्या गल्लींतून हें सारें निघालें, ती गल्ली टिकेल कीं नाहीं याची शंका, आणि तिच्या नांवावर चालणारे ज्वालामुखी मात्र शहराच्या प्रत्येक पेठेंत धुमसत आहेत.

या सर्व गर्दीपासून थोडें बाजूला, पाम्स नांवाच्या साध्या वस्तींत, निकी नाकायामा यांचें 'एन नाका' हें छोटें भोजनगृह २०११ सालीं सुरू झालें. २०१९ सालीं त्यास मिशलिनचे दोन तारे मिळाले. नाकायामा याच शहरांत जन्मलेल्या. बाई सुशी करते हें पाहून कांहीं गिऱ्हाईकें नाक मुरडीत, हा अनुभव त्यांस पूर्वी आला होता, म्हणून या भोजनगृहांत त्यांनीं मुदपाकखाना गिऱ्हाइकांच्या नजरेआड ठेवला. त्या वाढतात तें काइसेकी, म्हणजे ऋतुमानाप्रमाणें व ठरलेल्या क्रमानें येणारें अनेक वाढपांचें जेवण. कोणत्या क्रमांकाला वाफवलेलें यावें, कोणत्या क्रमांकाला भाजलेलें, हें सारें नियमबद्ध. फक्त एक जागा अशी असते कीं जेथें आचाऱ्याला नियमांतून मोकळीक आहे. त्या जागीं नाकायामा स्पॅगेटी ठेवतात. तींत अबलोनी नांवाच्या समुद्री शिंपल्याचें मांस, कॉडची खारविलेली गाभोळी आणि ट्रफल नांवाची जमिनीखालीं उगवणारी अळंबी. वाचतांना ही यादी ज्वालामुखीच्या जातीची वाटेल. परंतु परंपरेनें जी जागा मोकळी ठेवली तेथेंच परकी वस्तु बसविली आहे, तिच्या आधींच्या व नंतरच्या थाळीचा क्रम हललेला नाहीं, आणि स्निग्धपणा एवढाच ठेवला आहे कीं पुढें येणाऱ्या सुशीचा भात जिभेला ऐकूं यावा. शिवाय, टोकियोंत गाभोळीची स्पॅगेटी गेल्या शतकाच्या सातव्या दशकापासून खाल्ली जात आहे, आणि तेथल्या मुलांना ती घरच्या पानांतली वाटते. तेव्हां या थाळीला जपानी म्हणावें, इटालियन म्हणावें कीं लॉस एंजेलिसची म्हणावें, हें ठरवितांना पाटी रंगविणाऱ्याची मोठीच पंचाईत होईल. नाकायामा यांच्या दारावर तसली पाटी नाहीं.